गरीब नावाचा रंग

आमच्या स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर माणसाच्या कातडीचे चार रंग तयार करून ठेवलेले होते. एकाखाली एक चार चौकोन आणि प्रत्येकाला नाव. गोरा. गव्हाळ. सावळा. चौथ्याचं नाव होतं गरीब.

हे नाव कोणी दिलं ते कोणालाच आठवत नव्हतं. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून ते तिथे होतं. कोणीतरी घाईत असणार. झोपडीतल्या माणसासाठी एक गडद, मळकट तपकिरी रंग केला असणार आणि सेव्ह करताना सुचलं ते टाइप केलं असणार. पुढे झोपडी आली की तोच रंग. "अगं, तिला गरीब लाव आणि पाठव," असं आम्ही एकमेकांना सहज म्हणायचो. पंखा लाव म्हणावं तसं.

स्टुडिओ म्हणजे इंदिरानगरमधल्या एका इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे दिवसभर बारीक गुणगुण वर येत असते. आम्ही लहान मुलांची चित्रांची पुस्तकं करतो, शाळांसाठी तक्ते करतो आणि अधूनमधून छोट्या कार्टून फिल्म. स्टुडिओच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. ते स्वतः उत्तम चित्रं काढतात, बोलतात भरपूर आणि चहा गार झाल्यावरच पितात. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र सटाण्याकडचा आहे. तो चित्रं काढतो आणि गरज पडली की पात्रांचे आवाजही काढतो.

मी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण विचारलं तर, आणि विचारलं तेवढंच. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे माझ्या गप्प बसण्याला शिक्षक 'वेल बिहेव्ड' म्हणायचे, म्हणून मी ती सवय पुढे चालू ठेवली.

रंगांसारखी माणसांचीही एक तयार जंत्री आमच्याकडे होती. 'पात्रं' नावाचं फोल्डर. ते उघडलं की शेतकरी निघायचा: धोतर, मुंडासं, कपाळावर आडवा हात आणि नजर आभाळात. शिक्षक निघायचे चष्म्यासकट. गुंड निघायचा, त्याला मिशा आणि तीन नंबरचा रंग. आजी निघायची, तिचा अंबाडा एवढा गोल की तो काढून चेंडू म्हणून दुसऱ्या चित्रात वापरता आला असता. एकदा मित्राने तसा खरंच वापरला होता.

त्या शेतकऱ्याकडे बघून मित्र नेहमी म्हणायचा, "आमचे वडील शेतकरी आहेत. डाळिंबाची बाग आहे. टी-शर्ट घालतात आणि आभाळाकडे नाही, मोबाइलकडे बघतात. हा गडी आमच्या बागेत आला तर वडील त्याला विचारतील, पाव्हणं, कुठल्या नाटकातले?"

सगळे हसायचे. मग तोच मित्र माइकसमोर बसायचा आणि कुठल्याशा फिल्ममधल्या वेंधळ्या नोकराचा आवाज काढायचा, थेट त्याच्या घरच्या अहिराणीत. "काय शे मालक?" एवढं तो म्हणाला तरी दादा पोट धरून हसायचे. मीही हसायचे. तो आवाज खरंच भारी काढतो.

मग ते काम आलं.

शाळांसाठी पुस्तकं आणि फिल्म काढणाऱ्या एका संस्थेची गोष्ट होती. एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतली मुलगी शिकते आणि पुढे शिक्षिका होऊन त्याच शाळेत येते. गोष्ट साधी होती, वाईट नव्हती. दादांनी ती मला दिली. "तुझी रेघ मऊ आहे. ह्या लोकांना मऊ रेघ पाहिजे," म्हणाले. मला आधी कॅरेक्टर शीट करायची होती. म्हणजे एका कागदावर एकेक पात्र समोरून, बाजूने, मागून काढून ठेवायचं. पुढे फिल्ममध्ये ते कोणीही काढलं तरी सारखंच यावं म्हणून.

पहिलं पात्र मुलीचे आजोबा. गोष्ट लिहिणाऱ्याने कंसात सूचना दिली होती: भिंतीला टेकून बसलेले, खांदे पडलेले, अंगात ठिगळाचा सदरा, नजर जमिनीकडे.

मी ते काढलं. हात सरावलेला असतो, तो आपोआप चालतो. खांदे पाडले, ठिगळ लावलं, मान खाली घातली. मग रंगांच्या चौकोनांकडे गेले आणि चौथ्या चौकोनावर बोट थांबलं.

आम्ही बौद्ध आहोत. हे स्टुडिओत कोणाला माहीत नव्हतं. मी लपवलं होतं असं नाही, पण सांगितलंही नव्हतं, आणि ह्या दोन्हींमधल्या जागेत मी शाळेपासून राहत आले आहे. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. त्यामुळे लोक वेगळ्या वाटेने येतात. तुमचं मूळ गाव कोणतं? तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा? शाळेत असं कोणी विचारलं की मला एकदम तहान लागायची. मी हसून पाणी प्यायला जायचे आणि परत येईपर्यंत विषय बदललेला असायचा. स्टुडिओतही एप्रिलमध्ये जयंतीला मी सुट्टी घ्यायचे, ती 'घरी कार्यक्रम आहे' म्हणून. पुढे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता अडचण अशी होती की हे चित्र चुकलंय असं म्हणायचं, तर ते मला कसं कळलं हेही सांगावं लागणार. नुसतं 'मला बरोबर वाटत नाही' एवढं दादांना पुरलं नसतं. ते वाद घालतात, आणि चांगला घालतात. गप्प बसले तर पात्रं ठरून जाणार. एकदा शीट ठरली की फिल्मभर तेच आजोबा, तीच मान, तोच रंग. आणि ती फिल्म वर्गावर्गांत दाखवली जाणार. त्या वर्गांत कुठेतरी माझ्यासारखी एखादी बसलेली असणार आणि फिल्म संपल्यावर तिला फार तहान लागणार.

शीट सोमवारी दाखवायची होती. शनिवारी मी देवळाली कॅम्पला आजीकडे गेले.

आजी निवृत्त शिक्षिका. बाजाराच्या मागच्या गल्लीत काकांकडे राहते. आजोबा कॅम्पातल्याच वर्कशॉपमध्ये फिटर होते, मी लहान असताना गेले. दार उघडताच तिने विचारलं, "शनिवारी कशी काय? नोकरी आहे ना अजून?"

"आहे."

"मग चपला बाजूला काढ. वाटेत काढतेस."

हॉलमध्ये आजोबांचा फोटो आहे. कोट, टाय, खिशाला पेन. तो फोटो नेहमी थोडा कललेला असतो, कारण तोफखान्याचा सराव सुरू झाला की तिकडच्या घरांच्या काचा थरथरतात आणि भिंतीवरचं सगळं केसाएवढं सरकतं. आजी जाता-येता एका बोटाने तो सरळ करते. तिला त्याचं काहीच वाटत नाही. आम्हालाही लहानपणी सगळीकडचे फोटो असेच सरकतात असं वाटायचं.

मी फोटोसमोर उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो चित्रकार म्हणून बघत होते. गाल गुलाबी, ओठ तर लालच. काळ्या-पांढऱ्या फोटोवर कोणीतरी हाताने रंग भरला होता.

"आजी, आजोबा इतके गोरे होते?"

आजी हसायला लागली. "कुठले? त्या फोटोवाल्याकडे गुलाबी रंगाची एकच डबी होती. मेजर येवो, नाही तर आपण. सगळ्यांना तीच. फोटो घरी आणला तेव्हा हे म्हणाले, विडा खाऊन बसल्यासारखा दिसतोय मी."

"मग परत का नाही केला?"

"कोट छान बसला होता ना."

"आजोबांकडे कोट होता?"

"छे. कोट फोटोवाल्याचा. दुकानात आत खिळ्याला अडकवलेला असायचा. पाठीमागून उभा कापून नाड्या लावल्या होत्या त्याला. जाडा माणूस आला की नाड्या सैल, बारीक आला की आवळून बांधायच्या. समोरून सगळे साहेब." तिने फोटोच्या खिशावर बोट ठेवलं. "इथे रफू आहे, दिसतं? आपल्या गल्लीत चार घरांत हाच कोट आहे. जाऊन बघ. पेन मात्र यांचं स्वतःचं."

मला गंमत वाटली आणि थोडं उदासही वाटलं. ज्या फोटोचा आम्हा सगळ्यांना एवढा अभिमान, तोही एका तयार फोल्डरमधूनच आला होता. एकच कोट, एकच डबी. कोट दिसला की एका नजरेत कळावं, हा शिकलेला, हा ताठ बसणारा. ती पिढी कोणाकडे बघून कोट घालत होती ते आमच्या घरात सांगावं लागत नाही. पण आमचे दादा रोज म्हणतात तेच हे, एका नजरेत कळलं पाहिजे.

"म्हणजे फोटो खोटाच म्हणायचा," मी म्हणाले.

आजीला ते आवडलं नाही. "खोटा कसा? आत बसलंय कोण?"

 मी पर्समधून मोबाइल काढला आणि माझं चित्र तिला दाखवलं. ती चष्मा शोधायला गेली, चष्मा डोक्यावरच होता, परत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे कोण?"

"आमच्या फिल्ममधल्या मुलीचे आजोबा. आपल्यातलेच आहेत."

"काय झालंय यांना?"

"काही नाही."

"मग असे का बसलेत?"

 कंसात लिहिलं होतं म्हणून, हे आजीला सांगून काय उपयोग?

"हे भिंतीवर लावशील?" मी विचारलं.

"मी दारातून आत घेणार नाही." मग तिला ते कठोर वाटलं असावं. "माणसाला घेईन. बसवीन, चहा देईन, काय झालं म्हणून विचारीन. चित्राला नाही." ती मोबाइल परत देत म्हणाली, "आपले हाल झाले नाहीत असं नाही म्हणत मी. झाले. पण कोट यांनी मागून घेतला होता, बाई. तुझ्या ह्या म्हाताऱ्याने ठिगळ मागितलंय का?"

बाहेर तोफेचा आवाज झाला. काच थरथरली. आजीने उठून फोटो सरळ केला.

मग मी तिला विचारलं, आजोबांचा खरा रंग कसा होता. तिने माझा हात धरून उलटा केला, सुलटा केला. "असाच. पण उन्हातून आले की वेगळा. वर्कशॉपमधून आले की कोपरापर्यंत ग्रीस. आंघोळ करून बसले की वेगळाच. त्यातला कुठला सांगू?"

"आणि बसायचे कुठे?"

"स्वयंपाकघरात. उलट्या डब्यावर. रेडिओवर कॉमेंट्री लावून लसूण सोलत बसायचे. लसूण कमी, साली जास्त."

"नजर कुठे असायची?"

"माझ्या पोळीवर. जाड झाली की लगेच बोलायचे," आजी म्हणाली. "कान मोठे होते यांचे. फोटोवाल्याने डोकं किंचित वळवून बसवलं, म्हणून एकच दिसतो."

रविवारी मी दुसरं चित्र काढलं. उलटा डबा, मांडीवर ताट, लसणाच्या साली, कडेला रेडिओ. वर बघणारे, काहीतरी बोलायच्या बेतात असलेले आजोबा. दोन्ही कान मोठे. रंगापाशी पुन्हा अडले. मग खिडकीत हात धरला आणि त्याचा फोटो काढला. मग ट्यूबलाइटखाली काढला. मग गॅलरीत उन्हात. प्रत्येक फोटोत माझा हात वेगळ्या बाईचा वाटत होता. एकात लालसर, एकात हिरवट, एकात कोपराशी जवळजवळ जांभळा. शेवटी मी ओट्याजवळच्या सकाळच्या उजेडातला रंग घेतला, कारण आजोबा तिथेच बसलेले होते.

सोमवारी स्टुडिओत एक पद्धत असते. सगळ्यांच्या शीट बोर्डवर टाचण्या लावून लावतात आणि त्यांच्यावर वर्तमानपत्र टाकतात. दादा एकेक वर्तमानपत्र उचलतात, लगेच परत टाकतात आणि विचारतात, "कोण?" बघणाऱ्यांनी पटकन सांगायचं. सांगता आलं नाही तर चित्र नापास. लहान मूल तुमच्या चित्रासमोर थांबून विचार करत बसणार नाही, असं दादांचं म्हणणं असतं. ते खरंही आहे. दोन टिंबं आणि एक आडवी रेघ काढली की आपण त्याला चेहरा म्हणतो. इतकी उधारी घेतल्याशिवाय कोणालाच चित्र काढता येत नाही.

मी दोन्ही चित्रं लावली होती. दादांनी पहिलं वर्तमानपत्र उचललं आणि टाकलं.

"कोण?"

"गरीब," मित्र आणि दादा एकदमच म्हणाले.

दुसरं उचललं, टाकलं.

"कोण?"

ह्या वेळी कोणी बोललं नाही. मग मित्र म्हणाला, "कोण ते माहीत नाही, पण हा माणूस आता बायकोच्या स्वयंपाकाला नाव ठेवणार आणि बोलणी खाणार."

दादा हसले. पुन्हा वर्तमानपत्र उचलून त्यांनी नीट बघितलं. "चित्र सुंदर आहे. पण वस्तीतला कळत नाही गं. कोणीही असू शकतो हा."

"हो," मी म्हणाले.

"हो काय? गोष्टीला ते कळायला पाहिजे ना. पहिलं बघ, काही न सांगता कळतं."

मला एकदम तहान लागली होती. पाण्याची बाटली टेबलावर होती, चार पावलांवर. मी गेले नाही.

"पहिलं चित्र त्या घरात कोणी भिंतीवर लावेल का?" मी विचारलं.

"कुठल्या घरात?"

"गोष्टीतल्या."

दादा चिडले नव्हते, वाद रंगात आला की ते असेच बोलतात. "अगं, त्या घरात विचारायला आता आपण कुठे जाणार?"

"मी शनिवारी गेले होते," मी म्हणाले. "आमच्याच घरी. आम्ही बौद्ध आहोत, दादा. माझ्या आजीने पहिलं चित्र दारातून आत घेतलं नाही."

खालच्या दवाखान्यातलं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं. मी बोर्डकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायचं धाडस नव्हतं. एवढी सगळी वर्षं मला वाटत होतं की हे वाक्य बोलले तर काहीतरी पडेल, फुटेल. काही पडलं नाही. दादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि दुसऱ्या चित्राच्या अगदी जवळ गेले.

"हे तुझे आजोबा?"

"कान त्यांचे आहेत."

"आणि बाकी?"

"बाकी मी काढलंय."

"रेडिओ चुकलाय," दादा म्हणाले. "ह्या रेडिओला बटणं दोन असतात, तू तीन काढलीस." मग त्यांनी पहिल्या चित्राच्या टाचण्या काढल्या, एकेक करून डबीत टाकल्या आणि चित्र माझ्या हातात दिलं.  दुपारी त्यांचा चहा आला तेव्हा तो त्यांनी गरमच प्यायला, ते मी पाहिलं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर मित्र म्हणाला, "आधी कधी बोलली नाहीस."

"तू त्या नोकराच्या आवाजाबद्दल कधी बोललास?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मला वाटायचं, मीच हसवतोय, म्हणजे ठीक आहे. मागे घरी गेलो तर पुतणीने तीच फिल्म लावली होती. मला म्हणे, काका, हा नोकर आपल्यासारखा का बोलस? मी म्हटलं, अगं, तो मीच शे. तर म्हणे, ते माहीत आहे, पण डॉक्टर का नाही बोलस असा?"

"मग?"

"मग काय? मना तोंडच बंद." तो हसला, पण नेहमीसारखं नाही.

नंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. संस्थेने शीट आणि घराची चित्रं परत पाठवली. कुटुंबाची परिस्थिती दिसत नाही, निदान सदऱ्याला ठिगळ तरी हवं, असं त्यांचं म्हणणं आलं. दादांनी फोन लावला. मी माझ्या टेबलावर खाली मान घालून ऐकत होते. "परिस्थिती घरात दाखवलीय की," ते म्हणत होते. "छपराचा पत्रा बघा, भांडी किती आहेत बघा. मुलीची वही दोन्ही बाजूंनी भरलेली आहे. ती माणसाच्या अंगावर आणि कातडीवर कशाला दाखवायची?" बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी ठिगळ गेलं. त्या बदल्यात घर आणखी लहान करावं लागलं. ते मी केलं. लहान घरात माणसं जवळ येतात, चित्रालाही ते बरं पडतं.

त्या घराच्या भिंतीवर मी एक फोटो काढला आहे. कोट, टाय, पेन. प्रत्येक प्रसंगात तो किंचित कललेला असतो आणि कोणीतरी जाता-येता तो सरळ करतं. कोटाच्या खिशावर रफू आहे. संस्थेच्या लोकांना ते दिसलं नाही. दिसलं असतं तर त्यांना आवडलं असतं, पण मी सांगितलं नाही. अजूनही सगळं सांगायची सवय मला लागलेली नाही.

आणि एक नवीन गोष्ट सुरू झाली. आता कुठल्याही कामात दादा माझ्याकडे वळून विचारतात, "तुमच्यात लग्नात काय असतं? तुमच्यात अमुक कसं करतात?" सुरुवातीला मला राग यायचा. एका फोल्डरमधून सुटून दुसऱ्यात बसवल्यासारखं वाटायचं. एकदा मी म्हणाले, "दादा, मला माहीत नाही. मला शाळेत ख्रिसमस कॅरल शिकवले. आमच्यातलं आईला विचारावं लागेल." दादा म्हणाले, "मग विचार की." मी विचारलं. आईने अर्धा तास सांगितलं, मधेच मावशीला फोन लावला, दोघींचं जमेना, आणि त्या भांडणातून मला दोन चित्रं मिळाली.

'पात्रं' फोल्डर अजून आहे. शेतकरी अजून आभाळाकडे बघतो, पण त्याच्या बाजूला टी-शर्टातला एक शेतकरी आला आहे. त्याचं पोट मित्राच्या वडिलांसारखं आहे, असं मित्र अभिमानाने सांगतो. पुढच्या फिल्ममध्ये डॉक्टर अहिराणीत बोलणार आहे. मुलं हसतील, असं दादा म्हणाले. मित्र म्हणाला, "हसू द्या. डॉक्टर मुद्दाम विनोदी ठेवलाय. पण हुशार शे." पहिल्या रेकॉर्डिंगला त्याने पुतणीला फोनवर ऐकवलं. ती काय म्हणाली ते त्याने आम्हाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी समोसे त्याने आणले.

चार रंगांचे चौकोन मात्र गेले. त्यांच्या जागी काय ठेवायचं यावर बरेच दिवस चर्चा चालली. मित्राने एक, दोन, तीन, चार असे नंबर सुचवले. दादांनी गूळ, चिंच, नाचणी अशी नावं सुचवली. ती ऐकायला छान होती, पण माणसांना खायच्या वस्तूंची नावं द्यायची हे मला पटेना, आणि मी तसं म्हणाले. विचारलं नव्हतं तरी म्हणाले. शेवटी आम्ही सगळ्यांनी आपापले हात धरले. खिडकीत, जिन्यात, टपरीच्या पिवळ्या बल्बखाली. दादांचा गोरा हात जिन्यातल्या अंधारात माझ्या हातापेक्षा काळा आला, त्यावर त्यांची बरीच थट्टा झाली. आता रंगांना उजेडाची नावं आहेत. ओटा सकाळ. जिना. टपरी. गॅलरी दुपार. कोणाला काय लावायचं ते माणूस कोण आहे यावरून ठरत नाही, तो कुठे बसलाय यावरून ठरतं. काम थोडं वाढलं आहे. दादा कुरकुरतात आणि करतात.

फिल्म पूर्ण व्हायच्या आधीच मी आजोबांच्या त्या चित्राचा मोठा प्रिंट काढून कॅम्पला नेला. आजी चष्मा शोधायला लागली. ह्या वेळी तो डोळ्यांवरच होता.

"साली जास्त काढल्यास ते बरं केलंस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कान जरा मोठे झालेत."

"होते ना मोठे?"

"होते. पण इतके नव्हते. आता मला तरी काय आठवतंय? असतील."

मी हॉलमधल्या फोटोशेजारची जागा बघत होते. आजीने मान हलवली. "तिथे नको. तिथे ते साहेब होऊन बसलेत, बसू दे." चित्र हातात घेऊन ती आत गेली आणि आतून काकांना हाक मारली, खिळा आहे का म्हणून.

ते चित्र आता स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या समोर. तोफा सुरू झाल्या की तेही थोडं सरकतं.